पान ११७ वरचं पांढरं खेचर

मी एक वही बोलतेय. एकशे ब्याण्णव पानी, निळ्या पुठ्ठ्याची. माझ्या पान ११७ बद्दल कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी, विद्यापीठातल्या दुकानातून मैत्रीने मला सप्टेंबर २००४ मध्ये घेतलं. ती नागपूरची, इटालियन साहित्य शिकायला आलेली. पहिल्याच दिवशी तिने माझ्या प्रत्येक पानावर हाताने क्रमांक घातला. वाटलं, बऱ्या हाती पडले.

एका विधवेची आणि तिच्या खेचराची जुनी इटालियन कथा होती. मूळ लेखन हरवलेलं. उरल्या होत्या हाताने उतरवलेल्या तीन प्रती. कोणती कोणावरून उतरवली, हे मैत्रीला शोधायचं होतं, तेही चुकांवरून. दोन मुलांच्या पेपरात एकच विचित्र चूक सापडली की मास्तर काय ते ओळखतात, तसंच.

खेचर काळं. पहिल्या प्रतीत शेवटी ते 'थकलेलं' घरी येतं. दुसरीत मात्र ते 'पांढरं' होऊन येतं; इटालियनमध्ये हे दोन शब्द दिसायला जवळजवळ सारखेच. मैत्रीला याची इतकी गंमत वाटली की ती महिनाभर रूममेट आश्लेषाला तेच सांगत होती. "यार, तुझं खेचर पार्लरला जाऊन आलं," आश्लेषा म्हणायची.

मग तिसऱ्या प्रतीचे फोटो आले. १४ नोव्हेंबर २००५ ला मैत्री ते समोर ठेवून माझ्यात उतरवत होती. फोटोत 'थकलेलं' होतं. तिच्या हाताने 'पांढरं' लिहिलं. डोळे तिसरीवर, मन अजून दुसरीत. मी शेजारीच उघडी होते, मला दिसलं. पण वहीला तोंड नसतं.

त्या एका शब्दावर तिने प्रबंधाचं अख्खं प्रकरण उभं केलं: तिसरी प्रत दुसरीवरून उतरवलेली आहे. ती मला घेऊन गाईडकडे जायला कॅम्पस बसमध्ये चढली की माझी शिवण आवळून यायची.

प्रबंध द्यायला तीन आठवडे उरले असताना तिचे बाबा, दादाराव, आले. छापखान्यात सत्तावीस वर्षं प्रुफं तपासून निवृत्त झालेले. मला चाळून त्यांनी विचारलं, हे ताडून कोणी पाहिलं? मीच, मैत्री म्हणाली.

"एकटीनं? आमच्याकडे एक वाचायचा, दुसरा बघायचा. एकट्याला लिहिलेलं कुठं दिसतं? मनातलंच दिसतं."

त्यांचं मन राखायला ती बसली. त्यांना इटालियन कळत नव्हतं. ते इंग्रजीसारखं करून माझ्यातला एकेक शब्द वाचायचे, ती फोटोवर बोट फिरवायची. तिने उच्चार सुधारला की म्हणायचे, "तू बघ. वाचायचं खातं माझं."

चौथ्या दिवशी पान ११७ आलं.

"बाबा, परत वाचा."

त्यांनी परत वाचलं. तिचं बोट तिथेच थांबलं.

मग ती हळू आवाजात सांगू लागली. हे फोटो दुसरं कोणी बघणार नाही. गाईडसुद्धा वहीवरच विश्वास ठेवतात. असिस्टंटशिप मेमध्ये संपते, व्हिसाचंही पुढे काय ते माहीत नाही. दादारावांनी चष्मा काढून माझ्यावर ठेवला.

"उतरवणाऱ्याला जाऊन पाचशे वर्षं झाली ना? तुझी चूक त्याच्या नावावर घालू नको. त्याला उत्तर देता येत नाही."

तिने समासात लाल पेनाने लिहिलं: 'ही चूक उतरवणाऱ्याची नाही, माझी आहे.' खाली तारीख, सही. मग गाईडना ईमेल. प्रकरण गेलं. प्रबंध डिसेंबरवर गेला. राहण्याच्या कागदांसाठी तिने किती खेटे घातले, ते मी दप्तरात बसून मोजले.

दादाराव परतले तेव्हा १६० पानं झाली होती. पुढच्या पानांची झेरॉक्स ते घेऊन गेले. नागपुरात रविवारची सकाळ झाली की फोनवर जयभीम व्हायचा आणि वाचन सुरू. पान १८८ पर्यंत आले, तोच त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि इकडे प्रबंधाची तारीख आली.

आता २००८ साल आहे. मैत्रीला पदवी मिळाली, मी तिच्या कपाटात आहे. शेवटची चार पानं तिने एकटीनेच ताडली. बरोबर आहेत म्हणते. असतीलही. पण ११७ बद्दलही ती तेच म्हणाली होती.

तुम्ही कधी मला उघडलंत, तर कृपा करून एकटे येऊ नका.