भय्यासाहेबांची शपथ

सुलू आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवली नव्हती. त्यामुळे डॉक्टरांनी रिपोर्ट बघत "मॅडम, आप ड्रिंक करती हैं?" असं विचारलं तेव्हा तिला रागच आला. उज्जैनच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला हे विचारायची कुणाची छाती झाली नव्हती. शुगर बारा वर्षांपासून होती, पण लिव्हर कडक होत चाललंय हे आजच कळलं.

घरात आणखी कुणाला लिव्हरचा त्रास होता का, असं डॉक्टरांनी विचारलं. थोरले भाऊ, भय्यासाहेब, त्यानेच गेले, त्यांनाही शुगर होती, असं तिने सांगितलं आणि सवयीने पुढे जोडलं, की ते चोरून प्यायचे.

"किसी ने देखा था?"

कुणीच पाहिलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी रक्ताचा आणखी एक रिपोर्ट आला. काहींच्या जनुकांतच असा फरक असतो, की लिव्हरमध्ये चरबी पटकन साठते, असं डॉक्टरांनी समजावलं. जोडीला मधुमेह आला की न पिणाऱ्याचंही लिव्हर हळूहळू निकामी होऊ शकतं. सुलूला हा फरक आई आणि वडील, दोघांकडूनही मिळाला होता. भावात तो होता का, हे आता सांगता येणार नाही, पण असणं अगदी शक्य होतं.

ती उठली ती रिक्षा करून थेट फ्रीगंजला, भावजयीच्या दुकानावर गेली. अकरा वर्षांपूर्वी दवाखान्यात भय्यासाहेबांनी मुलाची शपथ घेतली होती, की मी कधी प्यालो नाही. "मुलाची खोटी शपथ तरी घेऊ नका," असं म्हणून सुलू निघून आली होती. नवव्या दिवशी ते गेले. त्यानंतर ते दारूने गेले, असं सगळ्या नातेवाइकांना तिनेच सांगितलं.

जयूवहिनी दुकानात भैरवगढी छापाच्या चादरी लावत होत्या. सुलूने कसंबसं सगळं सांगितलं. वहिनींनी हातातली घडी पूर्ण केली.

"मला माहीत होतं, सुलूताई. तेव्हाच सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, बायको झाकणारच."

वहिनींनी पुढची चादर घडी करायला घेतली.

"दाराशी कुणी आलं की ते विचारायचे, सुलू आली का?"

माफी मागायला तिने तोंड उघडलं, पण वहिनींचा चेहरा एकाएकी पडला. "माझ्या सौमित्रचं काय मग? त्यालाही होईल?"

सौमित्र तेहेतीस वर्षांचा होता, अंगाने सुटलेला, वडिलांसारखाच. आत्याच्या शब्दावर तपासणीला जायला तो राजी नव्हता. शेवटी आई रडली म्हणून गेला. शुगर अगदी काठावर निघाली, लिव्हरमध्ये चरबी होती, पण ते अजून कडक झालेलं नव्हतं. वजन उतरवलं तर बरंच सावरेल, असं डॉक्टर म्हणाले.

सुलूने एकेका नातेवाइकाला फोन करून आपलं बोलणं मागे घेतलं. बरेचजण म्हणाले, जाने दो, आता काय त्याचं. एका मावशीला तर आठवतच नव्हतं. सुलूला त्याचंच जास्त लागलं.

वहिनींनी तिला माफ केलं नाही. फक्त सौमित्रच्या पुढच्या तपासणीची तारीख कळवली. त्या दिवशी सुलू वेळेआधीच जाऊन बसली. माय-लेक आले, आणि वहिनी एक खुर्ची सोडून बसल्या.