खिडकीला बांधलेली ओढणी

पोज पहिली: राणी वाट बघतेय.

जुन्नरबाहेरची निजामशाही बाग. सुलतान इथं हवा खायला यायचा म्हणे. आता हौद कोरडा, कारंज्याच्या तोंडात गुटख्याची पुडी आणि महालाच्या गच्चीवरच्या कमानीत आरती, भाड्याच्या घागऱ्यात.

"वहिनी, मान वर. लई भारी!" फोटोग्राफर पप्पू म्हणाला. ओढणी वाऱ्यावर उडाल्यासारखी दिसावी म्हणून त्यानं तिचं एक टोक कमानीलगतच्या खिडकीच्या गजाला बांधलं होतं. दुसरं पिनांनी आरतीच्या पाठीला.

साखरपुडा सोमवारी. त्याआधी नाही म्हणायचं होतं. नवरा मुलगा सुदर्शन; त्याचं घर चाकणला, वन बीएचके. तिची गुलाबांची नर्सरी अवसरीला. घरी कुणी ऐकत नव्हतं. आज सुदर्शन एकटा भेटणार, म्हणून तर ती या प्री-वेडिंग शूटला आली होती.

पोज दुसरी: राजा येतो.

फेटा. चिकटवलेली मिशी. प्लास्टिकची तलवार.

"ऐका ना," आरती म्हणाली. "मला हे लग्न—"

आंब्याच्या फांदीवरून बिबट्या गच्चीत उतरला.

पोज नाही.

पप्पू जिन्याच्या दाराआड. बोट मात्र बटणावरच. सुदर्शन आरतीच्या मागं शिरला आणि दोन्ही हातांनी तिला घट्ट धरलं. हातात तलवार तशीच. आरतीला पळायचं होतं. ओढणी सुटेना. बिबट्यानं त्यांच्याकडं बघितलं, कंटाळल्यासारखं, आणि भिंतीवरून पलीकडच्या उसात उडी टाकली.

फोटो.

संध्याकाळपर्यंत तो अख्ख्या अवसरी-मंचरच्या मोबाइलवर. आरतीच्या खांद्यावरून पुढं आलेली सुदर्शनची तलवार. समोर बिबट्या.

"पळाला नाय गं पोरगा!" मोहिनीमामी म्हणाली. "आन् हिचा इस्वास बघा. जागची हलली नाय."

"मला बांधलं होतं, मामी."

"उद्या परवा बांधतोच की!" सगळ्या हसल्या.

रविवार. फोन.

"मला हे लग्न करायचं नाही. तुम्ही नाही म्हणा. तुमचं ऐकतील."

सुदर्शननं तिकडं दार लावून घेतल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "मी बी गच्चीवर तेच सांगणार व्हतो. माझं दुसरीकडं हाय."

"मग सांगा!"

"आता? वाघापास्नं वाचवलेली पोरगी सोडली, म्हणतील."

"वाचवली?"

"तेच तर. मी मागं लपलो व्हतो, हे कुठल्या तोंडानं सांगू? तुमच्या दारात लावायचा बॅनरबी छापून आलाय, त्याच फोटोचा."

"मी सांगते."

"सांग. फोटो दाखवतील तुला."

फोटोत गाठ दिसते, पप्पूच्या कॅमेऱ्यात बघितलेलं आरतीला आठवलं. गज, गाठ, ताणलेली ओढणी. ती का हलली नाही, ते त्यात सरळ दिसतं. ते दाखवायला ती आईचा हात धरून अंगणात आली.

पप्पू शिडीवर चढून बॅनर बांधत होता. बॅनरवर आरती घराएवढी. ओढणी मोकळ्या हवेत उडत होती, दूर आभाळापर्यंत.

"गाठ कुठंय?"

"पुसली की, वहिनी," पप्पू वरून म्हणाला. "गजबी काढला, सगळ्यांना धाडायच्या आधीच. वाईट दिसत व्हतं."