ढिला सांधा

कुंभकोणमहून नाचियार्कोविलला जाणाऱ्या रस्त्यावर सुंदरेशचं सुतारकामाचं वर्कशॉप आहे. पितळी दिव्यांसाठी सागवानी पेट्या करणं हा त्याचा धंदा. त्याचा थोरला भाऊ एकोजी तिथेच काम करायचा. दोघे तंजावरकडच्या मराठी घरातले; सुंदरेश त्याला अण्णा म्हणे. धंदा धाकट्याचा, हात थोरल्याचा, असं लोक बोलत. सुंदरेशला ते मान्य होतं, पण ऐकायला फारसं आवडत नसे.

पेटीचे कोपरे बोटांच्या सांध्यानं जोडलेले असत. टेबल सॉवर, म्हणजे मशीनच्या करवतीवर, फळीच्या टोकाला एकसारख्या खाचा पाडायच्या. दोन खाचांमध्ये उरतं ते बोट. एका फळीची बोटं दुसरीच्या खाचांत शिरली की कोपरा पक्का. त्यासाठी एकोजीनं एक साचा केला होता, त्यात लाकडाची खुंटी. पाडलेली खाच खुंटीवर बसवायची आणि पुढची पाडायची. खुंटी आणि पातं एकाच जाडीचं हवं, एवढीच अट. ती चुकली की सांधा एक तर शिरत नाही, नाहीतर खुळखुळतो.

तै महिन्यातली, म्हणजे संक्रांतीनंतरची गोष्ट. पट्टीश्वरमच्या कृष्णमूर्तींनी मुलीच्या लग्नासाठी पेट्या सांगितल्या होत्या. एकोजी नात्यातल्या श्राद्धाला स्वामिमलैला गेला होता. पातं बोथट झालेलं दिसलं, म्हणून सुंदरेशनं कपाटातलं दुसरं काढून चढवलं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या फळ्या कापून टाकल्या. नवं पातं किंचित जाड होतं. खुंटी मात्र जुनीच राहिली.

दुसऱ्या दिवशी एकोजीनं एक कोपरा जुळवला. हातोडी न लावताच तो आत गेला.

"सुंदरेशा, पातं बदललंस?"

"होय. का?"

"खाच मोठी झाली, बोट बारीक राहिलं. सांध्यानं थोडं चावलं पाहिजे रे. हें अस्कं लाकूड, एकूणएक फळी, बाजूला ठेव. पुन्हा कापूं."

"आता कुठलं लाकूड आणू? परवा माल पोचायचा आहे. गोंदात भुसा कालवून फटी भर. वर पॉलिश आलं की काही दिसत नाही."

"दिसत नाही, पण वजन पेलेल का?"

"अण्णा, मी सांगतो तेवढं कर."

एकोजीनं हातातली फळी बाकावर ठेवली. मग त्यानं गोंदाचा डबा उघडला.

लग्नात नवरीच्या मामानं सर्वांत मोठ्या दिव्याची पेटी उचलली, तशी तिची एक बाजू कोपऱ्यापासून निसटली. दिवा मांडवात सगळ्यांसमोर खाली पडला. दिव्यावरच्या पितळी हंसाची मान वाकली. मुहूर्ताच्या वेळी दिवा पडला म्हणून नवरीची आई रडत बसली.

लग्न आटोपल्यावर कृष्णमूर्ती तडक वर्कशॉपात आले. उघडलेली पेटी त्यांनी बाकावर आपटली. ते तमिळमध्ये ओरडले,

"हेच का तुझं काम? माझ्या मुलीच्या लग्नात?"

सुंदरेशनं वर पाहिलं. दारात दिव्यांच्या दुकानदाराचा माणूस उभा होता, शेजारचा लाकूडवालाही डोकावत होता. सुंदरेशच्या तोंडून तमिळमध्येच निघून गेलं,

"सांधे अण्णा करतो, साहेब. वय झालं. आता त्याला दिसत नाही."

एकोजी मागेच फळी घासत होता. त्यानं ती खाली ठेवली, हात धुतले, खांद्यावर पंचा टाकला आणि सगळ्यांच्या मधून बाहेर पडला.

घरी सुंदरेशची बायको अलमेलु हे ऐकून एवढंच म्हणाली, "भाऊजींना तुम्ही आत्ताच्या आत्ता जाऊन भेटा."

"येतील उद्या," तो म्हणाला.

एकोजी आला नाही. सुंदरेशही गेला नाही. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणता म्हणता दोनएक महिने गेले, पंगुनी सरला. तोवर ते वाक्य नाचियार्कोविलपर्यंत पोचलं होतं: एकोजीची नजर गेली. दोन ठिकाणी तो काम मागायला गेला, तर मशीनवर अपघात होईल म्हणून त्याला आदरानं कॉफी पाजून परत पाठवलं. सुंदरेशला हे एकोजीच्या मुलीनं, त्रिपुरसुंदरीनं, देवळाबाहेर गाठून सांगितलं.

"काका, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सांगितलं, नजर चांगली आहे. तरी बाबा कागद पुनःपुन्हा डोळ्यांजवळ नेतात."

सुंदरेश तसाच तिच्याबरोबर गेला. एकोजी ओट्यावर शेंगा सोलत बसला होता.

"अण्णा, पातं मी बदललं होतं. खोटं बोललो मी."

"ठाऊक आहे मला. मीच तर तुला दाखवलं होतं."

"मग तेव्हां कां बोलला नाहीस?"

"परक्यांपुढे? दोघां भावांनी एकमेकांना खोटं पाडायचं?" एकोजीनं शेंगांची परडी बाजूला सारली. "तुझं नाव पाटीवर आहे. माझं नव्हतं. म्हटलं, जाऊं दे."

"उद्यापासून ये. मी सगळ्यांना खरं सांगतो."

एकोजीनं आपली बोटं पसरून पाहिली.

"परवा लाकूडवाल्याकडे मशीन चालूं केली मी. पात्याजवळ हात नेला आणि भय वाटलं रे. आयुष्यांत पहिल्यांदा. तूं त्यांना सांगितलंस, पण तें मीही ऐकलं ना. आतां नको."

सुंदरेशनं खूप विनवलं. एकोजीनं त्याला जेवायला वाढलं, विषय मात्र पुन्हा काढू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सुंदरेश बसनं पट्टीश्वरमला गेला. कृष्णमूर्तींनी त्याचं म्हणणं शांतपणे ऐकलं. हंसाची मान केव्हाच सरळ करून घेतली होती, मुलगी सासरी सुखात होती.

"बरं झालं सांगितलंस," ते म्हणाले. "पण मी तर ते विसरलोही होतो."

लाकूडवाल्यालाही त्यानं सांगितलं, दुकानदारालाही. दोघांनी मान डोलावली. भावाची बाजू सावरतोय, असंच त्यांना वाटलं असावं.

आता साच्याची खुंटी सुंदरेश स्वतः घासतो आणि सांधे नीट बसतात. रविवारी दुपारी तो एकोजीकडे जातो. दोघे कॉफी पितात. पाण्याविषयी, भाताविषयी, त्रिपुरसुंदरीच्या नोकरीविषयी बोलतात. लाकडाचा वास सुंदरेशच्या कपड्यांना असतोच. तो अण्णापर्यंत पोचू नये म्हणून हल्ली तो निघण्यापूर्वी आंघोळ करून सदरा बदलतो.