गांजाचं कपाट

"तिकडे अमेरिकेत, ईडन प्रेरीत दिवसभर काय करतोस?" असं माझा मित्र सदानंदाने पुण्याहून पत्रात विचारलं होतं. सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून आठ महिने मी उत्तरच दिलं नाही.

मग सूनबाई निधीने माझं पुस्तकांचं जुनं कपाट मागितलं. आतून पांढरा रंग, वर दिवा आणि मागे छोटा पंखा लावून तिला त्यात गांजाचं एक रोप वाढवायचं होतं. मिनेसोटात ते कायदेशीर आहे, हे मी तीनदा वाचून खात्री केली. दोघांनी मिळून कपाट तयार केलं आणि रोप माझ्यावर सोपवलं गेलं.

दहा दिवसांत पानं मलूल झाली. हेही आपल्या हातून बिघडलं, या विचाराने मला जेवण जाईना.

"बाबा, पाणी कधी घालता?"

"रोज. आंघोळ झाली की तांब्याभर."

"अहो, ती तुळस आहे का! नमस्कारही करता की काय?"

मी तांब्या हळूच पाठीमागे लपवला. निधी हसत हसत खालीच बसली.

आम्ही माती सुकू दिली आणि शनिवारी पानं ताठ झाली. त्याच दुपारी मी सदानंदाला लिहिलं, "सध्या गांजा वाढवतो आहे. वहिनींना एवढं वाक्य वाचून दाखवू नकोस." पुन्हा वाचलं तर फाडून टाकीन, या भीतीने लगेच तिकीट लावलं आणि पत्र पेटीत टाकलं.