दुपारचं रक्त

अकरा स्लाइड्सच्या लेबलांवर वेळ होती दुपारी दीड. माझं डोकंच फिरलं. हत्तीरोगाच्या तपासणीसाठी रक्त रात्री घ्यायचं असतं. दिवसा हे जंतू शरीरात खोल दडून बसतात आणि रात्री, डास चावायच्या वेळी, रक्तात येतात. हे मी फोनवर इतक्या जणांना इतक्यांदा सांगितलंय, की माझी मुलगी नूपुरसुद्धा झोपेत म्हणून दाखवेल, तेही बंगालीत.

स्लाइड्सचा डबा शेफाली मंडलचा होता. बंगालच्या उपसागरातल्या एका लहानशा बेटावरची ही आरोग्यसेविका. मार्चमध्येही तिने अशाच दुपारच्या चाळीस स्लाइड्स कोलकात्याला आमच्या लॅबमध्ये पाठवल्या होत्या. मी त्या न बघता फेकल्या आणि तिला खरमरीत पत्र लिहिलं की वेळ पाळता येत नसेल तर रक्त घेऊ नका.

आज चार वाजता चार देशांची ऑनलाइन बैठक होती. मच्छीमार या देशाच्या बेटावरून त्या देशाच्या बेटावर जातात आणि रोग बरोबर नेतात, म्हणून चारही देशांनी मिळून आठ वर्षं गोळ्या वाटल्या. दोन वर्षांपूर्वी त्या थांबवून नुसती तपासणी चालू ठेवली. रात्रीच्या अकराशे चाळीस स्लाइड्स मी डोळ्यांखालून घातल्या, एकीतही जंतू नव्हता. आज मी सही केली की बेटं रोगमुक्त जाहीर होणार आणि तपासणीही बंद.

शेफालीला झापायचंच तर नीट झापावं, जंतू दिसावेत म्हणून रक्ताला रंग देतात तो कसा चढवलाय तेही बघावं, म्हणून मी स्लाइड्स एकेक करून सूक्ष्मदर्शकाखाली सरकवल्या. तिसरीवर जंतू दिसला. मग पाचवीवर, आठवीवर, नववीवर. मी नंबर जुळवले. याच चौघांचं रात्रीचं रक्त माझ्या अहवालात स्वच्छ होतं.

निकोबारकडे आणि पॅसिफिकमधल्या काही बेटांवर हा जंतू दिवसाही रक्तात सापडतो, कारण तिथला डास दिवसा चावतो. पुस्तकात वाचलं होतं. आपल्या बेटांवर तसं नाही, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

आमचे प्रमुख डॉ. लाहिरी यांनी नववी स्लाइड तीनदा पाहिली. मग चष्मा काढून म्हणाले, “मृणाल, हे सांगावं तर लागेल. नवा पुरावा म्हणून सांग. मार्चचं मात्र काढू नकोस. नोकरी किती राहिली तुझी?”

“सहा वर्षं.”

मी बाहेर जाऊन नवऱ्याला, श्रीकांतला, कोलकात्यातल्याच गार्डन रीच भागातल्या त्याच्या ऑफिसात फोन केला. तोही तेच म्हणाला, “साहेब सांगतायत तेवढंच बोल ना.” मला रडू यायला लागलं आणि रागही. चार वाजायला दहा मिनिटं होती.

बैठकीत मी अकरा स्लाइड्सचं सांगितलं. शेजारच्या देशाच्या प्रतिनिधी बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“एकाच डब्यातल्या अकरा. लेबलांची अदलाबदल झाली नसेल कशावरून? एवढ्यावर चार देशांना थांबवायचं? दुपारचं आणखी कुठलं रक्त आहे का तुमच्याकडे?”

लाहिरी समोरच्या कागदांत बघत राहिले. नाही म्हटलं असतं, तर घोषणा तासाभरात झाली असती.

“होतं,” मी म्हणाले. “मार्चमध्ये चाळीस स्लाइड्स आल्या होत्या.”

“त्यांत काय निघालं?”

“माहीत नाही. मी त्या न बघता टाकून दिल्या.”

मग त्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, “म्हणजे दुपारचं रक्त आजवर कुणी तपासलंच नाही. आमच्या बेटांवरही ते घ्यावं लागेल. रात्रीच घ्या ही सूचना आम्ही तुमचीच वापरली होती.”

घोषणा पुढे ढकलली गेली. कुठल्या बेटावर किती माणसं आमच्या हातून सुटली, हे आता कुणालाच सांगता येत नव्हतं. मी शेफालीला फोन लावला आणि हिंदीत चार नंबर सांगितले, त्यांना औषध लगेच सुरू करा म्हटलं.

“नऊ नंबरचा मुलगा सहा वर्षांचा आहे,” ती म्हणाली. “मार्चमध्येही त्याचं रक्त पाठवलं होतं.”

मी विचारलं, “पत्र मिळाल्यावरही तुम्ही दुपारी का घेतलंत?”

“इथे डास दिवसाच चावतात, मॅडम. रात्री आम्ही मच्छरदाणीही लावत नाही. मार्चमध्ये डब्यात चिठ्ठी ठेवली होती तशी.”

चिठ्ठी मी डब्यासकट फेकली असणार. मी शेफालीची माफी मागितली. मग घाईघाईने म्हटलं, “उद्यापासून सगळ्यांचं रक्त दुपारी घ्या.”

“लिहून द्या, मॅडम,” शेफाली म्हणाली.