पाकिटावरचा किलो

मित्रांनो, मी एक जुना, लोखंडी, किलोचा ठोकळा आहे. ओतशाळेत वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतून मला घडवलं. पाठीवर '१ किलो' ही अक्षरं उठवली, पोटातल्या भोकात शिसं भरलं आणि निरीक्षकानं हातोडीचा घाव घालून त्यावर शिक्का मारला. जन्मच माझा आगीत आणि घावांत झाला. पण मारणं म्हणजे काय, ते मला फार उशिरा कळलं.

दोघा भावांच्या बेकरीत मी कामाला लागलो. थोरला भट्टी सांभाळायचा, धाकटा पीठ मळायचा. पीठ पोत्यातून सुटं यायचं आणि माझ्याशी तोलल्याशिवाय परातीत पडायचं नाही. थोरल्याची बायको मला रोज कोरड्या फडक्यानं पुसायची. "हा आहे म्हणून आपला पाव बिघडत नाही," ती म्हणायची, आणि मी लोखंडाचा असूनही फुलून जायचो.

मग पिठाची पाकिटं आली. प्रत्येकावर ठळक छापलेलं: 'निव्वळ वजन १ किलो'. छापलेल्यावर कोण संशय घेणार? तराजू खुंटीवर गेला आणि मी दाराशी. वाऱ्यानं दार आपटू नये, एवढंच माझं काम. येणारा-जाणारा मला ठोकरून जाई.

काही दिवसांनी भट्टीतला वरचा कप्पा रिकामा राहू लागला. पाकिटं तेवढीच, पाव मात्र कमी. थोरल्याच्या मनात संशयाचा किडा शिरला. पिठाला हात लावणारा एकच. एका सकाळी त्यानं भावाची गचांडी धरली.

"माझं पीठ कुठं विकतोस?"

"दादा, शपथ घेतो, चिमूटभरसुद्धा..."

पुढचं तोंडातच राहिलं. आधी थप्पड, मग लाथ. धाकटा दारात कोसळला आणि थोरल्याच्या हाताला नेमका मी लागलो. मित्रांनो, मला निसटता आलं असतं तर मी निसटलो असतो! मी खाली आलो तो धाकट्याच्या उजव्या कोपरावर. वाळकी काटकी मोडावी तसं हाड मोडलं. मी पुन्हा वर उचलला गेलो, तेवढ्यात वहिनी मध्ये पडली. तिनं नवऱ्याच्या मनगटाला कडाडून चावा घेतला.

"जीव घ्यायचाय ना? घ्या! पण आधी तोलून बघा!"

तिनं खुंटीवरचा तराजू ओढला आणि मला रक्तासकट पारड्यात टाकलं. दुसऱ्या पारड्यात न फोडलेलं पाकीट ठेवलं. मी धाडकन खाली बसलो. पाकीट वर लोंबत राहिलं. दुसरं लावलं, तिसरं लावलं. सगळी तशीच.

वहिनीनं दिराला दवाखान्यात नेलं. थोरला मात्र मला मुठीत आवळून पाकिटं भरणाऱ्याच्या शेडमध्ये घुसला.

"किलो छापतोस आणि भरतोस किती रे?"

"छपाईची चूक असेल हो," पाकीटवाला हसला.

त्या हसण्यानं थोरल्याचं डोकं फिरलं. त्यानं मला भिरकावलं आणि मी त्या हसणाऱ्या तोंडावरच आदळलो. दात फरशीवर विखुरले. कामगार फावडी घेऊन धावले. थोरल्याची शुद्ध हरपेपर्यंत त्यांनी त्याला तुडवलं. सांडलेलं पांढरं पीठ दोघांच्या रक्तानं भिजलं.

शेडला टाळं लागलं. पाकीटवाल्यावर खटला झाला आणि थोरल्याला तुरुंग. मी पुरावा म्हणून कोर्टाच्या कपाटात पडून राहिलो, मग बेकरीत परतलो.

थोरला सुटून आला तेव्हा धाकटा डाव्या हातानं पीठ मळत होता. उजवा कोपरात वाकला तो वाकलेलाच. थोरल्यानं मला उचलून त्याच्यापुढं धरलं.

"मार मला. जेवढं मी मारलं तेवढं मार."

धाकट्यानं डाव्या हातानं मला बाजूला सारलं. मग म्हणाला, "मारायला हात सरळ व्हावा लागतो, दादा. सरक, पाणी घाल, आणि तू मळ."

मित्रांनो, आता इथं प्रत्येक पाकीट तोलूनच फोडतात. तुम्हीही आकडा तोलून घ्या, मग तो कागदावर छापलेला असो की मनात बसलेला. आणि मला हातात घ्याल, ते फक्त पारड्यात ठेवायला.