दहा ताटांतलं एक

रविवारी संध्याकाळी सात वाजता साखरेच्या डब्याला टेकवलेल्या एका फोनमध्ये तीन देश गोळा व्हायचे. एका चौकटीत धाकटा मुलगा, दुसरीत मुलगी आणि जावई, तिसरीत हे स्वयंपाकघर. टेबलाशी सासरे, थोरला मुलगा आणि त्याची दोन मुलं. सून ओट्यापाशी उभी.

विषय ठरलेला. महागाई कुणाकडे जास्त, आणि पाप कुणाचं.

सासऱ्यांची उभी हयात भाव टिपण्यात गेली होती. ठरलेल्या वारी ठरलेल्या दुकानांत जायचं, ठरलेल्या वस्तूंचे भाव सरकारी वहीत उतरवायचे. साबणाची वडी बारीक झाल्याचा संशय आला, तर ते ती तिथल्या तिथे तोलायला लावायचे. "टोपली तीच हवी," असं ते सारखं म्हणायचे. "टोपलीतली एक वस्तू इकडची तिकडे झाली की तुलना खोटी." निवृत्त झाल्यावर त्यांनी घराचीच टोपली धरली. पीठ, तेल, दूध, अंडी सगळं स्वतः आणायचं, तोलून सुनेच्या हवाली करायचं आणि महिनाअखेर भिंतीवरच्या कागदावर आकडा चढवायचा. तीन रकाने तीन देशांचे, चौथा घराचा.

"इथं आता अंडी डझनानं कुणी घेत नाही, बाबा," धाकटा सांगत होता. "नोटा छापल्या बेसुमार, दुसरं काय!"

"नोटांचं काय घेऊन बसलात?" जावई म्हणाले. "लढाई पेटली, जहाजं अडकली, तेल भडकलं. साधी गोष्ट आहे."

"तुमची जहाजं राहू द्या समुद्रात," थोरला तोंडातला घास फिरवत म्हणाला. "माल दडवणारे आमच्या गल्लीत बसलेत. मी गोदामात ट्रक खाली करतो, मला विचारा."

सासऱ्यांनी हात वर केला तसे तिन्ही देश गप्प झाले. चष्मा पुसून ते कागदाकडे वळले. "मी निवृत्त झालो त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून आपल्या देशात महागाईची वाढ अठरा टक्के. धाकट्याकडे एकवीस. ताईकडे सव्वीस. आणि या घराचा खर्च..." ते जरा थांबले. "सहा."

"सहा? अहो, जादू करता की काय?" जावयांनी विचारलं.

"शिस्त म्हणतात याला. सरकारला, व्यापाऱ्याला शिव्या देणं सोपं असतं. आपला हात आवरला की पुरे."

सून ओटा पुसत होती. ओटा कधीचाच स्वच्छ झाला होता.

सव्वा वर्षापूर्वी थोरला ट्रकच्या फळीवरून पाठीवर पडला. डॉक्टरांनी चालण्याची खात्री दिली नाही. त्या दिवशी तिनं देवापुढे हात जोडले होते: हे आपल्या पायांनी दारापर्यंत जाईपर्यंत मी एकच वेळ जेवीन. सासऱ्यांना हे कळलं आणि दुसऱ्याच आठवड्यापासून पिठाचं माप कमी आलं. चार महिन्यांनी नवरा दारापर्यंत चालत गेला. तिनं दिवा लावला, डोळ्यांतलं पाणी पुसलं, आणि संध्याकाळी डबा उघडला तर पीठ चौघांपुरतंच. पुढच्या आठवड्यातही तेवढंच. "अहो, मामंजींना माप वाढवायला सांगा ना," ती नवऱ्याला म्हणाली होती. "सांगतो की," तो म्हणाला होता. या गोष्टीला अकरा महिने झाले.

भूक तिनं सोसली असती. पण घरात कुणी विचारलं की सासरे म्हणायचे, "तिचं व्रत आहे." आपल्या रिकाम्या पोटाला देवाचं नाव चिकटवलेलं रोज ऐकायचं, ते सोसत नव्हतं.

"वहिनी," फोनमधून नणंद म्हणाली, "दर रविवारी बघते, टेबलावर चारच ताटं. तू कधी जेवतेस गं?"

"तिचं व्रत आहे," सासरे म्हणाले.

"व्रत संपलं, वन्सं." सुनेचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "हे चालायला लागले त्याच दिवशी संपलं. पिठाचं माप मात्र वाढलं नाही." मग ती सासऱ्यांकडे वळली. "टोपली बदलली होती, मामंजी."

सासरे पुन्हा चष्मा पुसू लागले. थोरला पुटपुटला, "मी सांगणारच होतो, ते राहूनच गेलं."

मोठ्यानं बोलला तो धाकटा. "थांबा, थांबा! माणसं पाच, वेळा दोन, म्हणजे दहा ताटं. त्यातलं एक गेलं म्हणजे दहा टक्के खर्च खाली. ते परत मिळवलं की..." त्यानं हवेत बोटं नाचवली. "बाबा, तुमचंही घर अठरावरच आहे! कसली शिस्त नि कसलं काय!"

जावई मोठ्यानं हसले. "म्हणजे सगळे एकाच नावेत." थोरल्यालाही हसू फुटलं. मग पुन्हा नोटा, जहाजं, गोदामं. नणंद तेवढी हसली नाही. "वहिनी..." ती म्हणाली, आणि तिच्या चौकटीतलं चित्र गोठलं.

फोन बंद झाल्यावर सासरे पेन घेऊन भिंतीपाशी गेले. सुनेला वाटलं, आकडा खोडतील. त्यांनी सहाच्या डोक्यावर एक बारीक फुली काढली आणि कागदाच्या तळाशी तशाच फुलीपुढे सुबक सरकारी अक्षरात लिहिलं: 'सुनेचे रात्रीचे जेवण वगळून.'

"यात गैर काही नाही, सूनबाई," ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "मोठमोठे देशसुद्धा अन्न वगळून महागाईचा वेगळा आकडा काढतात. वगळलंय, हे लिहिलं की झालं. मी खोटं लिहीत नाही."

"नाही, मामंजी. तुम्ही खरंच लिहिलंत."

सोमवारी पीठ तेवढंच आलं. संध्याकाळी तिनं टेबलावर पाच ताटं मांडली. मुलांना रोजच्याएवढं वाढलं. उरलेल्याचे तीन सारखे भाग केले आणि ओट्यापासचं स्टूल ओढून ती बसली.

सासरे आपल्या ताटाकडे बघत राहिले. "आज कमी पडलं का?"

"नाही. टोपली तीच आहे."

थोरल्यानं भिंतीवरच्या कागदाच्या तळाशी लिहिलेल्या त्या ओळीकडे पाहिलं, मग खाली मान घालून तो जेवू लागला. पाप कुणाचं, हा विषय त्या दिवशी कुणी काढला नाही.

तिनं डोळे मिटून क्षणभर हात जोडले आणि पहिला घास घेतला. चौथ्या-पाचव्या घासालाच तिचं पोट गच्च झालं. सव्वा वर्षात त्याला रात्रीच्या जेवणाची सवयच उरली नव्हती. हात थांबला. सासऱ्यांची नजर तिच्या ताटावर होती, दुकानातल्या तराजूवर असायची तशी.

"अर्धंच लागतं तर तुला," ते म्हणाले.

तिनं ताट जवळ ओढलं. उरलेलं सगळं, एकेक घास पाण्याबरोबर ढकलत, तिनं त्यांच्यादेखत संपवलं.